टीव्ही बंद पडलेलं गाव आणि आळ घेतलेली मुलगी: 'फॅमिली गाय'चा दुसरा भाग

'फॅमिली गाय' या अमेरिकन ॲनिमेशन मालिकेचा 'आय नेव्हर मेट द डेड मॅन' हा दुसरा भाग फॉक्स वाहिनीवर ११ एप्रिल १९९९ रोजी दाखवला गेला. टीव्हीच्या व्यसनाची खिल्ली उडवणाऱ्या भागांचा विषय निघाला की याचं नाव घेतलं जातं, आणि बोलणं लगेच विल्यम शॅटनरवर येतं. शॅटनर मजेदार आहे, वाद नाही. पण हा भाग मला आवडतो तो मेगमुळे. बापाच्या व्यसनाची किंमत घरातलं कोण चुकवतं, हे इथे बावीस मिनिटांत आणि कोणालाही भाषण न देता दाखवलंय. (एक भाषण आहे, त्याबद्दल पुढे.)

मी मालिकांच्या एडिटिंगमध्ये काम केलंय. प्रेक्षक ब्रेकनंतर परत यावा म्हणून काय काय करतात ते मला आतून माहीत आहे. त्यामुळे टीव्हीने टीव्हीवर टीका केली की मी जरा सावध होते. बऱ्याचदा ती टीका म्हणजे प्रेक्षकालाच दोन टपल्या असतात: तुम्ही आळशी, तुम्ही सोफ्यावर लोळता, वगैरे. दुकान मात्र चालूच. या भागाने ती सोपी वाट धरलेली नाही.

गोष्ट साधी आहे. ऱ्होड आयलंड राज्यातलं क्वाहॉग नावाचं काल्पनिक गाव. पीटर ग्रिफिन हा कुटुंबप्रमुख टीव्हीसमोरून हलत नाही. मोठी मुलगी मेग हिला गाडी शिकायची आहे आणि शिकवायची जबाबदारी पीटरवर येते. तो शिकवतो तेही उडाणटप्पूपणानेच. सिग्नलला शेजारी गाडी थांबली की इंजिन घुमवून शर्यतीला आव्हान द्यायचं, हा त्याचा धडा. मेग तो इमानदारीने शिकते आणि परीक्षेत तसंच करून नापास होते. परतताना गाडी पीटर चालवतोय, आवडता कार्यक्रम सुरू व्हायची वेळ झालीय, म्हणून तो रस्त्याकडेच्या घरांच्या खिडक्यांतून लोकांचे टीव्ही बघत गाडी हाकतो. आणि गाडी जाऊन आदळते ती गावाला केबल पुरवणाऱ्या सॅटेलाइट डिशवर. अख्ख्या गावाचा टीव्ही बंद.

यापुढचा सौदा मी या भागातला सर्वात धारदार प्रसंग मानते. पीटर मेगला सांगतो, गाडी तू चालवत होतीस असं म्हण, तुला कन्व्हर्टिबल घेऊन देतो. मुलगी हो म्हणते. प्रसंग पटकन उरकलाय. संगीत दुःखी होत नाही, मेगच्या चेहऱ्यावर क्लोजअप रेंगाळत नाही. माझ्या हातात हे फुटेज असतं तर मी तिथे दोन सेकंद थांबले असते आणि प्रसंग बिघडवला असता. कारण असे सौदे घरात असेच होतात. एका वाक्यात, घाईत, मोठ्या माणसाला वेळ नसताना. पुढे गाव मेगवर चिडतं तेव्हा बापाला लाज वाटायला हवी. त्याला मात्र पडलेली असते ती आपला टीव्ही गेल्याची. इतकी स्वच्छ टीका आणखी कशी करणार? टीव्हीने डोळे खराब होतात की डोकं, हा वाद बाजूला राहतो. इथे बाप मुलीला पुढे करून स्वतः मागे लपलाय.

टीव्ही बंद पडल्यावर गावात काय होतं, याचा एक छोटा तुकडा मला फार आवडतो. बातम्या देणारी जोडी, टॉम टकर आणि डायन सिमन्स, स्टुडिओत बसलीय. आपल्याला कोणी बघत नाहीये, तेव्हा काय बोललं याला काही अर्थ नाही, असं त्यांना वाटतं. मग टॉम तोंडाला येईल ते बोलतो आणि डायन हसऱ्या चेहऱ्याने, नेहमीच्याच गोड सुरात, काळ्या लोकांबद्दलचा आपला द्वेष बोलून दाखवते. तेवढ्यात कॅमेऱ्यामागून आवाज येतो की बॉस्टनमध्ये अजून दिसतंय. प्रसंग संपला. हा विनोद कोणाला खटकेल, खटकावा असाच आहे. पण त्याची जागा अचूक आहे. रोज रात्री ज्या आवाजावर गाव विश्वास ठेवतं, तो आवाज कॅमेरा नसताना कसा आहे, ते तीन-चार वाक्यांत उघडं पडतं. टीव्ही बघणाऱ्याच्या व्यसनाबद्दल सगळे बोलतात. टीव्हीवर दिसणाऱ्या माणसांकडेही या भागाने बोट दाखवलंय, आणि एका वाहिनीवरच्या मालिकेने ते करावं याला थोडी हिंमत लागते.

मग पुठ्ठ्याची चौकट. टीव्हीशिवाय पीटरची अवस्था वाईट होते आणि तो पुठ्ठ्याचा टीव्ही कापून अंगाला बांधून हिंडू लागतो, म्हणजे समोर येईल ते पडद्यावर आल्यासारखं दिसावं. हा भाग १९९९ चा, त्यामुळे मूळ चित्र चार-तीन प्रमाणातलं, जवळपास चौकोनी. त्या काळच्या टीव्हीच्या चौकटीत पीटर, त्याच्या अंगावर पुठ्ठ्याची तशीच चौकट, आणि त्यातून तो बघतोय स्वतःच्या घरातली माणसं. त्या वेळी घरी बसून हे बघणारा माणूसही अशाच चौकटीतून एका कुटुंबाकडे बघत होता. दिग्दर्शकाने त्यावर जोर दिलेला नाही. पीटर त्या पुठ्ठ्यासकट वावरत राहतो आणि आपण हसत राहतो. हसता हसता एक गोष्ट जाणवते: घरच्यांकडे त्याने इतकं लक्ष एरवी दिलेलं दिसत नाही. चौकट लागली तेव्हा कुठे त्याला ती दिसली. दिग्दर्शन मायकेल डांटे डिमार्टिनो यांचं आहे. पुढे 'अवतार: द लास्ट एअरबेंडर' या मालिकेच्या दोन निर्मात्यांपैकी ते एक झाले. लेखन ख्रिस शेरिडन यांचं.

भाषण इथे येतं. पीटरचं बिंग फुटतं, गाव त्याच्यावर चालून येतं आणि लोइस, त्याची बायको, मध्ये पडते. आपण सगळे या खोक्याचे गुलाम झालो होतो, आता बाहेर पडून जग बघू या, असं काहीसं ती सांगते आणि जमावाला ते पटतं. ऐकताना वाटतं, झालं, आता बोधकथा सुरू. कमकुवत मालिकेने भाग इथेच संपवला असता. लेखकाने हे भाषण मधोमध ठेवलंय, शेवटी नाही, आणि यातच त्याचं कौशल्य आहे.

कारण पीटरला ते भाषण नको इतकं पटतं. आता त्याला मोकळी हवा, खेळ, भटकंती यांचं वेड लागतं आणि तो सगळ्या घराला फरपटत नेतो. बायको-मुलं दमून जातात. केबल परत सुरू होते तेव्हा त्यांना फक्त सोफ्यावर पडून काहीतरी बघायचं असतं, आणि पीटर त्यांना सोडायला तयार नाही. त्याला सोबत देतो विल्यम शॅटनर, 'स्टार ट्रेक'मधला कॅप्टन कर्क म्हणून जगाला माहीत असलेला नट. टीव्ही सोडून बाहेर पडलेल्या माणसाला मित्र भेटतो तोही टीव्हीतलाच. शॅटनरची तुटक-तुटक, मध्येच थांबत बोलायची लकब बरोबर पकडलीय. 'स्टार ट्रेक' पाहिलेलं असेल तर मजा दुप्पट, नसेल तरी तो माणूस विचित्र आहे एवढं कळतं आणि काम भागतं.

ही बाजू मला खरी वाटते. मी अशी माणसं पाहिली आहेत. एक सवय सोडतात आणि त्याच आवेशात दुसरी धरतात, आणि दोन्ही वेळेला घरच्यांनी त्यांच्या मागे धावायचं. पीटर सोफ्यावर होता तेव्हा कोणाचं ऐकत नव्हता. डोंगरदऱ्यांत गेला तरी ऐकत नाही.

आता उणं. धाकट्या स्ट्युईचा ट्रॅक. हे तान्हं बाळ सगळ्या जगाचं शत्रू, आईने ब्रोकली खायला लावली म्हणून ते हवामान ताब्यात घेणारं यंत्र बनवून ब्रोकलीचा नायनाट करायला निघतं. सेथ मॅकफार्लेन, मालिकेचा निर्माता, पीटर, स्ट्युई आणि घरातला बोलका कुत्रा ब्रायन या तिघांनाही आवाज देतो, आणि स्ट्युईचा तो ऐटबाज ब्रिटिश ढंग पहिल्याच सीझनमध्ये पक्का बसलेला आहे. संवाद चांगले आहेत. पण हा ट्रॅक मुख्य गोष्टीला जोडला जातो तो केवळ शेवटी वादळ हवं म्हणून. एडिटिंग टेबलवर अशी जोडणी लगेच ओळखू येते: दोन गोष्टी वेगवेगळ्या चाललेल्या असतात आणि मग पावसाने त्या एकत्र आणायच्या. चालून जातं, पण मेगला मिळायला हवी होती ती दोन मिनिटं ब्रोकलीने खाल्ली, याचं मला खरंच वाईट वाटतं.

दुसरं, काही विनोद आता लांब गेलेत. 'चिप्स' ही १९७७ ते १९८३ मधली मोटारसायकलवरच्या पोलिसांची अमेरिकन मालिका इथे येते, आणि तिच्यातला नट एरिक एस्ट्राडा पाहुणा आवाज द्यायला आलाय. ज्यांनी ती पाहिलेली नाही त्यांना तिथे नुसतंच बघत बसावं लागेल. चित्रंही नंतरच्या सीझनइतकी सफाईदार नाहीत. रेषा थोड्या हलतात, रंग मातकट आहेत. मला त्यात उबदारपणा वाटतो, तुम्हाला जुनाट वाटू शकेल.

शेवट मात्र नेमका. शेवट माहीत नको असेल तर हा परिच्छेद सोडा. स्ट्युईच्या वादळात, भर पावसात, मेगच्या गाडीखाली पीटर आणि शॅटनर येतात. शॅटनर मरतो. पीटर इस्पितळात, डोक्यापासून पायापर्यंत प्लास्टरमध्ये. हलता येत नाही, समोर टीव्ही चालू. काही वेळात तो पुन्हा त्याच पडद्यात गुंतलेला असतो. धडा शिकलेला माणूस सुरुवातीला होता तिथेच परत, आणि यावेळी त्याच्याकडे उठून जायचा पर्यायही नाही.

ज्यांना 'द सिम्पसन्स' आवडतं त्यांना १९९० मधला 'देअर्स नो डिसग्रेस लाइक होम' हा भाग आठवेल. त्या ॲनिमेशन मालिकेतला बाप होमर त्यात कुटुंबाच्या समुपदेशनाचे पैसे भरण्यासाठी टीव्ही गहाण टाकतो. दोन्ही ठिकाणी टीव्ही जातो आणि परत येतो. पण होमर घरासाठी काहीतरी गमावतो आणि त्यामुळे आपण त्याच्या बाजूचे होतो. पीटर काहीच गमवायला तयार नसतो. म्हणून 'सिम्पसन्स'चा भाग बघून बरं वाटतं, हा बघून तेवढं बरं वाटत नाही. मला या विषयासाठी दुसरा सूर जास्त योग्य वाटतो.

लहान मुलांसोबत बघू नका. चित्रं मुलांची वाटली तरी बोलणं मोठ्यांचं आहे आणि डायनच्या वाक्यासारखी वाक्यं समजावून सांगत बसावं लागेल. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांबरोबर जरूर बघा, विशेषतः घरात गाडी शिकण्यावरून धुसफूस चालू असेल तर. पहिला भाग आधी बघितलाच पाहिजे असं नाही, घरातली माणसं पाच मिनिटांत ओळखीची होतात. डीव्हीडी जमवणाऱ्यांसाठी: पहिल्या दोन सीझनचे मिळून २८ भाग असलेला संच २००३ मध्ये निघाला होता. २००२ मध्ये बंद झालेली ही मालिका २००५ मध्ये परत आली त्यात या डीव्हीडींच्या खपाचा मोठा वाटा होता.

पाचपैकी चार तारे. पाचवा मेगसाठी राखून ठेवलाय. या सीझनमध्ये तिला लेसी शाबेअरने आवाज दिलाय आणि तो आवाज खऱ्या पोरवयाचा आहे, थोडा कातावलेला, थोडा आशेवर असलेला. पुढच्या सीझनमध्ये आवाज बदलला आणि मेग हळूहळू घरादाराने टिंगल करायचं गिऱ्हाईक झाली. ते बघून झाल्यावर हा भाग परत लावला तर कन्व्हर्टिबलचा प्रसंग जास्त बोचतो. इथे तिच्यावर अन्याय होतोय हे लेखकाला दिसत होतं. नंतरच्या बऱ्याच भागांत ते दिसेनासं झालं, आणि माझी या मालिकेबद्दलची सर्वात मोठी तक्रार तीच आहे.