थेट तास की रेकॉर्डिंग? नव्या विभागप्रमुखासाठी

मार्च २०२० मध्ये कॉलेजं बंद झाली तेव्हा ठाण्यात रसायनशास्त्राचा विभाग माझ्याकडे होता. ‘पुन्हा अशी साथ आली तर शिकवणं कसं चालू ठेवायचं?’ असं परवा माझ्या जागी आलेल्या मॅडमनी विचारलं. मुख्य पर्याय दोनच.

वेळापत्रकाप्रमाणे थेट ऑनलाइन तास प्राचार्यांना आवडतो, कारण हजेरी दिसते. शंकाही तिथल्या तिथे फिटते. पण ती हजेरी फसवी. पडद्यावर साठ नावं असतात आणि प्रश्न विचारला की सगळे चिडीचूप. मुरबाड-शहापूरकडच्या मुलांना रेंज मिळत नाही. काहींच्या घरी फोन एकच, तोही वडिलांबरोबर कामावर गेलेला. शिवाय साथीत शिक्षकही आजारी पडतो, हे वेळापत्रक आखताना कुणाच्याच डोक्यात नसतं. २०२१ च्या एप्रिलमध्ये आमचे दोघं एकदम आडवे झाले आणि त्यांचे तास तसेच बुडाले.

रेकॉर्डिंगचं तसं नाही. दहा-बारा मिनिटांची ऑडिओ आणि फळ्याचे फोटो व्हॉट्सॲपवर टाकले की मूल रात्री फोन हातात आल्यावर ऐकतं. खोट मोठी आहे: कुणी ऐकलं आणि कुणी कॉलेजच सोडलं, हे कळायला मार्ग नाही.

माझं मत रेकॉर्डिंगच्या बाजूनं, पण एका अटीवर. प्रत्येक शिक्षकानं पंधरा-वीस मुलं वाटून घ्यायची आणि आठवड्यातून एकदा फोन करायचा. अभ्यासाचं नंतर; आधी ‘घरी सगळे बरे आहेत ना?’ थेट तास आठवड्याला एकच, फक्त शंकांसाठी.

प्रॅक्टिकलला दोन्ही पर्याय तोकडे. टायट्रेशनचा, म्हणजे एका द्रावणात दुसरं थेंबाथेंबानं सोडून प्रमाण मोजण्याच्या प्रयोगाचा, व्हिडिओ कितीही चांगला असो, ब्युरेटचा, म्हणजे खुणांच्या काचनळीचा, नळ हातात घेतल्याशिवाय शेवटचा थेंब कळत नाही. ते छोट्या बॅचेस करून कॉलेज उघडल्यावरच उरकायचं. मात्र आमच्याकडे वर्ग पुन्हा भरायला २० ऑक्टोबर २०२१ उजाडला, हे लक्षात ठेवा.

परीक्षेबाबत विभागानं फार डोकं लावू नये, निर्णय वरून येतात. अंतिम वर्षाची परीक्षा घ्यावीच लागेल, हे सर्वोच्च न्यायालयानं २८ ऑगस्ट २०२० ला सांगितलं आणि ऑक्टोबरात मुंबई विद्यापीठाच्या परीक्षा ऑनलाइन झाल्या. मुलांना बहुपर्यायी प्रश्नांची सवय मात्र आधीपासून लावता येते.

आणि मॅडम, फोन नंबर आत्ताच तपासून घ्या. प्रवेश-अर्जावरचे बरेचसे लागतच नाहीत.