जेलीफिन : चित्रफीत अडली तर कारण सांगणारा घरगुती सर्व्हर

हार्ड डिस्कवर साठवलेल्या चित्रफिती दिवाणखान्यातल्या स्मार्ट टीव्हीवर पाहता याव्यात, एवढ्या माफक अपेक्षेने मी गेल्या वर्षी जेलीफिन हे मोफत सॉफ्टवेअर एका जुन्या लॅपटॉपवर बसवले. ते त्या लॅपटॉपला सर्व्हर बनवते, म्हणजे त्यावरच्या चित्रफिती घरातल्या इतर पडद्यांवर पाठवते. आमच्या लग्नाची डीव्हीडी, मुलांची स्नेहसंमेलने, व्हीएचएसवरून उतरवून घेतलेली काही नाटके आणि फोनवर घेतलेली असंख्य चित्रणे असा आमचा संग्रह आहे. वर्षभराच्या वापरानंतर हे परीक्षण लिहीत आहे. त्यात अडचणींचाच भाग मोठा असला, तरी त्यांतल्या बहुतेकींचा दोष जेलीफिनकडे जात नाही.

यापूर्वी टीव्हीतच असलेल्या डीएलएनए या सुविधेवर, म्हणजे घरातल्या उपकरणांनी एकमेकांकडे चित्रफिती पाठवण्याच्या मानकावर, आमचे काम चालले होते. हे मानक घडवणारी संघटना २००३ साली स्थापन झाली आणि २०१७ मध्ये विसर्जितही झाली, परंतु मानक मात्र टीव्ही आणि राउटरमध्ये अजून नांदते आहे. साध्या फाइलींसाठी ते पुरेसे आहे. मात्र एखादी फाइल चालली नाही, तर टीव्ही ‘ही फाइल चालवता येत नाही’ एवढेच सांगून मोकळा होतो. दोष चित्राचा, आवाजाचा, सबटायटलचा की वायफायचा, हे आपण अंदाजाने ठरवायचे.

जेलीफिनचा जन्म डिसेंबर २०१८ मधला. एम्बी या अशाच सर्व्हरच्या चालकांनी आपला सोर्स कोड सर्वांसाठी खुला न ठेवण्याचा निर्णय घेतल्यावर काही विकासकांनी त्याच्या खुल्या आवृत्तीतून हा वेगळा प्रकल्प सुरू केला. त्याला ना कंपनीकडे खाते उघडावे लागते, ना वर्गणी भरावी लागते. प्लेक्स या दुसऱ्या लोकप्रिय सर्व्हरमध्ये ग्राफिक्स चिपच्या मदतीने चित्रफितीचे रूपांतर करण्यासाठी, म्हणजे ती टीव्हीला चालेल अशा स्वरूपात बदलण्यासाठी, पैसे मोजावे लागतात. येथे तीच सोय विनामूल्य आहे. अँड्रॉइड टीव्हीसाठीचे ॲप प्ले स्टोअरवर मिळते.

पहिली अडचण ॲप उघडताच आली, कारण त्याला सर्व्हर सापडेना. लॅपटॉपच्या ब्राउझरमध्ये सगळे सुरळीत दिसत होते. टीव्हीवर मात्र लॅपटॉपचा जाळ्यातला पत्ता (आयपी ॲड्रेस) हाताने टाकूनही काही उपयोग झाला नाही. दोन संध्याकाळी घालवल्यावर उलगडा झाला, तो असा : ब्रॉडबँडवाल्यांनी बसवलेली फायबरची पेटी स्वतःचे वायफाय देते, आणि तिला जोडून मी आतल्या खोलीसाठी घेतलेला राउटर आपले निराळे जाळे उभे करतो. टीव्ही पेटीच्या वायफायवर होता, लॅपटॉप राउटरच्या. दोन्हींच्या पत्त्यांची सुरुवात पाहिली असती तर एकाची १९२.१६८.१ आणि दुसऱ्याची १९२.१६८.० आहे हे पहिल्याच मिनिटात ध्यानात आले असते. बाहेरच्या जाळ्यातल्या उपकरणाला राउटरआडच्या लॅपटॉपपर्यंत पोहोचण्याची वाट नसते. राउटर ‘ॲक्सेस पॉइंट’ या प्रकारात, म्हणजे निराळे जाळे न उभारता पेटीचेच जाळे पुढे नेणाऱ्या प्रकारात, बदलताच सगळे घर एका जाळ्यात आले आणि सर्व्हर आपोआप दिसू लागला. सगळी उपकरणे एकाच राउटरला जोडलेली असूनही तो दिसत नसेल, तर टीव्ही चुकून पाहुण्यांसाठीच्या वायफायला जोडला गेलेला नाही ना, आणि विंडोजने घरचे वायफाय ‘सार्वजनिक’ समजून फायरवॉल आवळलेली नाही ना, या दोन गोष्टी तपासाव्यात.

पुढे एका गुरुवारी देखभालीसाठी वीज गेली आणि परत आल्यावर सर्व्हर पुन्हा गायब झाला. राउटरने लॅपटॉपला नवा पत्ता दिला होता. राउटरच्या सेटिंगमध्ये त्याचा पत्ता कायमचा राखून ठेवला, तेव्हापासून ही तक्रार उद्भवलेली नाही. लॅपटॉपचे झाकण मिटल्यावर तो झोपणार नाही, अशी व्यवस्थाही त्याच बैठकीत करून घ्यावी.

बफरिंगबद्दल एक गैरसमज फार पसरलेला आहे. चित्र अडखळू लागले की लोक इंटरनेटचा वेग वाढवून घेतात. घरातल्या घरात जाणाऱ्या चित्रफितीचा आणि त्या वेगाचा काडीचाही संबंध नसतो. महत्त्व असते ते लॅपटॉप, राउटर आणि टीव्ही यांच्यामधल्या वाटेला. आयफोनवर ४के आणि सेकंदाला ६० फ्रेम या दर्जाने केलेले चित्रण मिनिटाला सुमारे ४०० एमबी जागा घेते, म्हणजे ते पाहताना सेकंदाला साधारण ५३ मेगाबिट अखंड मिळावे लागतात. इमारतीत प्रत्येक घरात २.४ गिगाहर्ट्झचे वायफाय असते आणि त्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणाऱ्या वाहिन्या (चॅनेल) तीनच : १, ६ आणि ११. तेथे ५३ मेगाबिट सातत्याने मिळण्याची आशा व्यर्थ आहे. टीव्ही ५ गिगाहर्ट्झवर नेल्यावर आणि लॅपटॉप राउटरला केबलने जोडल्यावर आमचे अडखळणे थांबले. टीव्हीलाही केबल जोडून पाहिली, पण महागड्या टीव्हींतसुद्धा बहुधा १०० मेगाबिटचेच पोर्ट बसवलेले असते, ही काटकसर मला आजवर समजलेली नाही. घरगुती चित्रणाला ते पुरते. ज्यांच्याकडे ४के ब्ल्यू-रेच्या मूळ दर्जाच्या फाइली आहेत, ज्यांचा वेग १०० मेगाबिटच्याही वर चढू शकतो, त्यांना मात्र चांगले वायफायच सरस ठरेल.

आता या सॉफ्टवेअरचा मला सर्वांत भावलेला भाग. टीव्हीवर काहीही चालू असताना लॅपटॉपवर जेलीफिनचा डॅशबोर्ड उघडला, की फाइल जशीच्या तशी जात आहे की तिचे रूपांतर होत आहे, आणि होत असेल तर नेमके कशामुळे, हे तेथे स्पष्ट लिहिलेले असते. एका चित्रपटाच्या वेळी लॅपटॉपचा पंखा पिठाच्या गिरणीसारखा गरगरू लागला आणि चित्र दर दहा सेकंदांनी थबकू लागले. मी वायफायला दोष देत होतो. डॅशबोर्डने कारण दाखवले ते सबटायटलचे : ते अक्षरांच्या नव्हे तर चित्रांच्या स्वरूपात होते, टीव्हीवरच्या ॲपला ते उमटवता येत नव्हते, म्हणून सर्व्हर प्रत्येक फ्रेमवर ते कोरून संपूर्ण चित्रपट नव्याने बनवत होता. सबटायटलची साधी एसआरटी फाइल, जिच्यात केवळ अक्षरे असतात, शेजारी ठेवताच पंखा शांत झाला. दुसऱ्या एका फाइलीत आवाज डीटीएस पद्धतीचा होता आणि टीव्हीला तो उलगडता येत नव्हता. तेथे चित्र तसेच ठेवून केवळ आवाज बदलला जात होता आणि तेवढे काम जुना लॅपटॉपही सहज पेलतो. जेथे चित्राचे रूपांतर टाळताच येत नाही, तेथे सेटिंगमध्ये जाऊन इंटेलची क्विक सिंक ही ग्राफिक्स चिपकडून रूपांतर करून घेण्याची सोय निवडावी लागते. आमच्या आठव्या पिढीच्या प्रोसेसरमध्ये ती आहे, पण जेलीफिन ती स्वतःहून चालू करत नाही. नवख्या माणसाला हे कोणी सांगितल्याशिवाय कळणार नाही.

मराठी सबटायटलच्या ठिकाणी कधी प्रश्नचिन्हे, कधी विचित्र चिन्हे दिसत, त्याचे कारण फाइल यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत जतन केलेली नव्हती. नोटपॅडमध्ये नव्याने टंकून त्या पद्धतीने जतन केली की देवनागरी व्यवस्थित उमटते. चित्रपटांची नावेही काळजीने द्यावीत : एकाच नावाचा हिंदी आणि मराठी चित्रपट असेल, तर फोल्डरच्या नावात वर्ष न लिहिल्यास भलतेच पोस्टर चिकटते.

उणिवा आहेतच. १०.९ या आवृत्तीपासून डीएलएनए मुख्य सर्व्हरमधून काढून वेगळ्या प्लगइनमध्ये (निराळ्याने बसवायच्या जोडभागात) टाकले आहे, त्यामुळे ज्यांच्या जुन्या टीव्हीवर ॲप चालत नाही, त्यांना एक पायरी जास्त चढावी लागते. गावी असलेल्या आई-वडिलांना हाच संग्रह दाखवायचा, तर प्लेक्ससारखा तयार मार्ग येथे नाही. व्हीपीएन, म्हणजे दोन घरांना इंटरनेटवरून जोडणारी खासगी वाट, उभारावे लागते, आणि राउटरवर जेलीफिनचे ८०९६ क्रमांकाचे पोर्ट (सॉफ्टवेअरचे प्रवेशद्वार) थेट जगासाठी उघडण्याचा सोपा वाटणारा उपाय मी कोणालाही सुचवणार नाही. बिघाड झाल्यास फोन करायला ग्राहक सेवा नाही. ज्यांना राउटरच्या सेटिंगमध्ये शिरण्याची धास्ती वाटते, त्यांनी पेन ड्राइव्ह टीव्हीला जोडून पाहावे; वर्षातून चार वेळाच काही पाहायचे असेल, तर तेवढे पुष्कळ आहे. आमच्याकडे मात्र रोज रात्री काही ना काही लागते, आणि प्रत्येकाच्या नावाचे खाते वेगळे असल्याने कोणी नाटक कोठपर्यंत पाहिले, यावरून होणारा वादही मिटला आहे.