सायकल घ्यावी की इलेक्ट्रिक स्कूटर? जुळे सोलापूर ते अक्कलकोट रोड एमआयडीसी

भाच्याला अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात अकाउंटला नोकरी लागली, राहतो जुळे सोलापुरात, म्हणजे एका बाजूनं आठेक किलोमीटर, आणि आठवडाभर एकच विचारालाय, मामा सायकल घेऊ का इलेक्ट्रिक स्कूटर? दोन्हीला धूर नाही, मग काय फरक पडतो म्हणे. पडतो की. मी दोन्ही चालवल्यात म्हणून लिहितोय.

पैशाचं आधी उरकतो. साधी सायकल सहा-आठ हजारात, स्कूटर बरी घ्यायची तर लाखाच्या आसपास. चार्जिंगचं काही वाटत नाही, तीन युनिटात ऐंशी-नव्वद किलोमीटर जाते. पण चार्ज करायची कुठं हे गाडी बुक करायच्या आधी बघा, आमच्या अपार्टमेंटमध्ये पार्किंगमधला प्लग कुणाच्या मीटरवर यावरून दोन मीटिंगा झाल्या, दोन्हीत नुसता चहा संपला. 25 च्या स्पीडची, 250 वॅटवाली छोटी गाडी मिळते, तिला लायसन लागत नाही, पण ट्रकच्या रस्त्यावर तसली नकोच.

आता तब्येत, खरा फरक इथंच आहे. युरोपात जागतिक आरोग्य संघटना आणि युनोचा आर्थिक आयोग मिळून 2002 पासून एक कार्यक्रम चालवतात, त्यात वाहतूक, आरोग्य नि पर्यावरण या तिन्ही खात्यांना एका टेबलावर बसवतात. (आपल्याकडं रस्ता केला की पाइपलाइनवाला येऊन खणतो, तीन खाती लांबच राहिली.) 2021 मध्ये व्हिएन्नाच्या बैठकीत त्यांच्या मंत्र्यांनी सायकलचा आराखडा मंजूर केला, 2030 पर्यंत त्या सगळ्या भागात सायकल चालवणं दुप्पट करायचं म्हणून. आरोग्य संघटनेचं 'हीट' नावाचं एक टूल पण आहे, लोक रोज इतकं चालले, इतकी सायकल चालवली तर किती अकाली मृत्यू टळतील आणि त्याचे पैशात किती होतात ते काढून देतं. स्कूटरवर बसणाऱ्याचे पाय हलत नाहीत, त्यामुळं तसला फायदा तिच्या खात्यात पडत नाही. धूर बंद झाला हे खरं, पण टायर आणि ब्रेकची धूळ राहतेच. आठवड्याला किमान 150 मिनिटं व्यायाम सांगतात, भाच्याचं जाऊन-येऊन तासभर पॅडल म्हणजे बुधवारी संध्याकाळीच कोटा पुरा, जिमची फी वाचली.

पण हे व्हिएन्ना नाही, सोलापूर आहे. एप्रिल-मेमध्ये 42-43 डिग्री, सकाळी नऊलाच हँडल चटका देतंय, घामेघूम होऊन पोचलात तर अकाउंटच्या टेबलावर कसं बसणार, आणि नळाला पाणी चार-पाच दिवसाआड, दोनदा आंघोळ करतो म्हटलं तर घरचे बादलीकडं बघतात. बाभळीचे काटे वेगळेच, मी एका महिन्यात चार पंक्चर काढलेत, शेवटी जाड टायर टाकला तेव्हा सुटलो. आणि नोव्हेंबर लागला की होटगी रोडला उसाचे ट्रॅक्टर, मागं दोन ट्रॉल्या, वर गाणी फुल्ल, मागून हॉर्न दिला तरी त्याला ऐकू जात नाही, त्याच्या बाजूनं सायकल काढताना माझी पण टरकते. तिथं स्कूटरला निदान पिकअप आहे, पटकन पुढं निघता येतं. वेगळा सायकल ट्रॅक असता तर हा मुद्दाच निघाला नसता.

बसचं म्हणाल तर एसएमटीची, म्हणजे महापालिकेची गाडी तुमच्या टायमाला असेल तर तीच धरा, स्टॉपपर्यंत चालणं पण होतं. भाच्याची शिफ्ट जुळत नाही.

मी त्याला सांगितलं, आत्ता दिवाळी झालीय, जाड टायरची सायकल घे, लाल दिवा मागं लाव, होटगी रोड टाळून आतल्या रस्त्यानं सात रस्ता चौकाला निघ, फेब्रुवारीपर्यंत चालव. मार्चमध्ये ऊन सोसेना झालं तर स्कूटर घे, तोवर पगारातून डाउन पेमेंट पण साठेल. ज्यांचं ऑफिस चार-पाच किलोमीटरच्या आत आहे त्यांनी स्कूटरचा विचारच करू नये असं माझं मत, आणि दुपारी दोनच्या शिफ्टवाल्यांनी सायकलचा. भाचा हो म्हणालाय, पण काल त्याच्या मोबाईलवर स्कूटरचे कलर बघताना सापडला.