नव्या सिस्टरसाठी कृतज्ञतेची डायरी: छापील जर्नल, अ‍ॅप की खिशातली वही?

नर्सिंगची पहिली नोकरी लागली की येणाऱ्या भेटींमध्ये हल्ली एक वस्तू हमखास असते: जाड पुठ्ठ्याचं, सोनेरी अक्षरांचं ‘ग्रॅटिट्यूड जर्नल’. फॉब वॉचच्या (युनिफॉर्मला अडकवायच्या घड्याळाच्या) शेजारी ते कौतुकाने ठेवलं जातं आणि पहिल्या नाईटनंतर सहसा कोणी उघडत नाही. यात त्या मुलीचा आळस नसतो. ते जर्नल रोज ठरल्या वेळी अंथरुणावर पडणाऱ्या माणसासाठी बनवलेलं आहे. ठाण्यात किंवा नवी मुंबईत वॉर्डला लागलेल्या नव्या सिस्टरची पाळी कुठे दर दोन दिवसांनी बदलते, कुठे आठवड्याने, आणि नाईट उतरल्यावरचा ऑफ अर्धा झोपेतच जातो. छापील जर्नल, मोबाइलवरचं अ‍ॅप आणि खिशात मावणारी साधी वही या तिन्हींना त्या आठवड्याच्या मापाने तपासलं, तर वही जिंकते. मात्र कोणतीही वही नव्हे, आणि कशीही वापरलेली नव्हे.

छापील जर्नल बहुतेक ए-५ आकाराचं असतं, म्हणजे १४८ बाय २१० मिलिमीटर. युनिफॉर्मच्या खिशात ते जात नाही. ते पर्समध्ये, पर्स लॉकरमध्ये, आणि लॉकरची आठवण येते घरी जाताना. दुसरी अडचण तारखांची. रात्री ८ वाजता चढलेली ड्यूटी दुसऱ्या दिवशी सकाळी ८ ला उतरते. ती कुठल्या पानावर लिहायची? ‘आजच्या सकाळची सुंदर सुरुवात’ अशी ओळ छापलेली असेल आणि सकाळ म्हणजे सहाचे व्हायटल्स (नाडी, बीपी, ताप), सॅम्पल्स आणि ओव्हरची (पुढच्या पाळीला काम सोपवायची) घाई असेल, तर पेन उचलावंसंही वाटत नाही. आठवड्यात चार पानं कोरी राहिली की जर्नल हजेरीपुस्तकासारखं रागावून बघायला लागतं. कापडी किंवा मखमली कव्हर पुसता येत नाही, ही आणखी एक गोष्ट. कौतुक करायचं तर एकाच गोष्टीचं: चांगल्या जर्नलमध्ये ‘हे का घडलं?’ अशी वेगळी ओळ असते. ती मात्र उचलण्यासारखी आहे.

अ‍ॅपबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. बहुतेक हॉस्पिटलांत वॉर्डमध्ये मोबाइल बाहेर काढलेला चालत नाही, रात्री नऊचं रिमाइंडर नेमकं औषधांच्या राउंडमध्ये वाजतं, आणि नाईट करून आल्यावर झोपायच्या आधी पुन्हा स्क्रीन हातात घेणं म्हणजे झोप घालवणं. पासवर्ड असतो, एवढाच त्याचा फायदा.

आता वही. ए-६ म्हणजे १०५ बाय १४८ मिलिमीटर. ही खिशात जाते, पण वर डोकावते आणि बेड मेकिंगला वाकलं की खाली पडते. ए-७, म्हणजे ७४ बाय १०५, हे बरोबर माप. बाजूला स्प्रिंग असलेली घेऊ नका: तार खिशाच्या शिवणीत अडकते आणि टोक सुटलं की हातमोजा फाटतो. मधे पिन मारलेली वही पातळ आणि स्वस्त असते, पण तिचं एक पान फाडलं की जोडीचं पानही निघतं. वरून उघडणारी, चिकटवून बांधलेली, चाळीस ते ऐंशी पानांची वही सगळ्यात टिकते. कव्हर प्लॅस्टिकचं हवं, म्हणजे घरी आल्यावर ७० टक्के अल्कोहोलने पुसता येतं. कागद पातळ असेल तर जेल पेन मागच्या पानावर उमटतं. साधं बॉलपेन पुरे.

शाईची एक गंमत आहे. हँडरब (हातांना चोळायचं अल्कोहोलचं द्रावण) पूर्ण सुकायला वीस ते तीस सेकंद लागतात, तेवढं न थांबता पेन धरलं की अक्षर फराटतं. बॉलपेनची शाई अल्कोहोलमध्ये विरघळते, म्हणून हे होतं. युनिफॉर्मवर पडलेला पेनचा डाग स्पिरिट स्वॅबने निघतो तोही याच कारणाने.

वही एक की दोन, हा प्रश्न छोटा वाटतो, पण इथेच सगळ्यात मोठा घोळ होतो. वॉर्डमध्ये प्रत्येकीकडे एक कच्चा कागद असतो: कोणाचं आरबीएस (रक्तातली साखर) किती वाजता, कोणाचं ड्रेसिंग बाकी, कोणाला एनपीओ (तोंडाने काही न देता) ठेवायचं. त्यावर बेड नंबर असतात, नावं असतात. तो कागद हॉस्पिटलमध्येच राहायला हवा आणि ड्यूटी संपल्यावर श्रेडरमध्ये जायला हवा. कृतज्ञतेची वही घरी जाते. म्हणून दोन्ही कामं एका वहीत करू नका, ‘पुढून ड्यूटी, मागून डायरी’ हा काटकसरीचा मार्गही नको. घरी जाणाऱ्या वहीत पेशंटचं नाव, आयपीडी नंबर (भरती झाल्याचा नोंदणी क्रमांक), निदान यातलं काहीही नको. नुसता बेड नंबर आणि तारीख असली तरी वॉर्डमधल्या कुणालाही माणूस ओळखता येतो. ‘खिडकीजवळचे आजोबा’ एवढं तुमच्या आठवणीला पुरतं. तारखेच्या जागी ‘नाईट १’, ‘इव्हिनिंग २’ असं लिहिलं की वरचा तारखेचा गोंधळही मिटतो.

या सवयीमागे नुसती सुविचारांची हौस नाही. मार्टिन सेलिग्मन आणि सहकाऱ्यांच्या २००५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात काही लोकांनी आठवडाभर रोज रात्री तीन चांगल्या गोष्टी आणि प्रत्येकीचं कारण लिहिलं. त्यांचा आनंद वाढलेला आणि उदासी कमी झालेली सहा महिन्यांपर्यंत दिसली. रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅक्कलो यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांपैकी एकात लोक आठवड्यातून एकदाच लिहीत होते, दहा आठवडे. तेव्हा कारण लिहिणं टाळू नका, आणि रोजचं पान चुकलं म्हणून वही टाकून देऊ नका.

लिहायचं काय, इथे बहुतेक वह्या अडतात. ‘सगळ्या स्टाफने खूप मदत केली’ हे पहिल्या दिवशी ठीक आहे. तिसऱ्या दिवशीही तेच, आणि पाचव्या दिवशी आई-वडील, आरोग्य, देव. मग लिहिण्यासारखं काही उरत नाही. त्यापेक्षा एका प्रसंगाच्या तीन ओळी करा: कोणी, नेमकं काय केलं, त्यामुळे काय टळलं किंवा सुटलं. उदाहरणार्थ (मावशी म्हणजे वॉर्डमधल्या मदतनीस, कॅन्युला म्हणजे शिरेत ठेवलेली सलाइनची नळी), ‘मावशींनी स्पंज देताना कॅन्युलाच्या वर हात सुजलेला पाहिला. लगेच हाक मारली. अँटिबायोटिकचा पुढचा डोस त्या सुजेत जाण्याआधी लाइन काढून दुसऱ्या हाताला घेता आली.’ एवढ्या तीन ओळींत आभारही आले आणि दर डोसआधी साइट, म्हणजे नळी लावलेली जागा, बघायची हा धडाही आला.

लॅबचं उदाहरण याहून बोलकं. सीबीसीचं (रक्तपेशींच्या मोजणीचं) सॅम्पल गोठून परत येतं, नवी मुलगी रडकुंडीला येते. लॅबमधल्या कुणी फोन करून सांगितलं की जांभळ्या टोपीची ट्यूब भरल्याबरोबर आठ-दहा वेळा हळूच उलटीसुलटी करायची, जोरात हलवायची नाही, तर ते वहीत जसंच्या तसं उतरवा. न मिसळल्यास ईडीटीए (ट्यूबमधलं रक्त गोठू न देणारं रसायन) रक्तात पोचत नाही, गुठळी होते आणि प्लेटलेट खोट्याच कमी दिसतात; जोरात हलवल्यास रक्तपेशी फुटतात. निळ्या टोपीची ट्यूब खुणेपर्यंतच भरायची, कारण तिथे रक्त आणि सायट्रेट (तेही रक्त गोठू न देणारं) यांचं प्रमाण ९ ला १ असतं. रक्त कमी पडलं तर पीटी-आयएनआर (रक्त गोठायला लागणाऱ्या वेळेचं माप) वाढलेला येतो. त्या माणसाने ‘सॅम्पल रिजेक्टेड’ एवढा शिक्का मारून मोकळं होणं शक्य होतं. त्याने दोन मिनिटं दिली, म्हणून तो वहीत.

इन्सुलिनचा डबल चेक हीही अशीच जागा. व्हायल (औषधाची बाटली) ४० युनिटची, म्हणजे दर मिलिलिटरला ४०, आणि हातात १०० युनिटची, नारिंगी टोपीची सिरिंज. सोबतच्या ब्रदरने (पुरुष नर्सने) थांबवलं. त्या सिरिंजवर १० च्या खुणेपर्यंत भरलं असतं तर प्रत्यक्षात ४ च युनिट गेली असती. लाल टोपीची सिरिंज ४० च्या व्हायलसाठी, हे पाठ होतं ते अशा एका ओळीमुळे. पण इथे सावध: निसटत्या चुकीबद्दल वहीत आभार लिहिले म्हणजे काम झालं असं नाही. हॉस्पिटलचा इन्सिडेंट फॉर्म इन्चार्ज सिस्टरना सांगून वेगळा भरावाच लागतो.

वेळेचं गणित घर कुठे आणि हॉस्पिटल कुठे यावर आहे. वॉर्डमध्ये, काउंटरवर बसून लिहू नका. बघणाऱ्याला सिस्टर रिकामी दिसते आणि बेल वाजतेच. वाशीत ड्यूटी आणि ठाण्यात घर असेल तर काम सोपं: ट्रान्स-हार्बरची ठाणे लोकल वाशीतूनच सुटते, दोन-चार मिनिटं आधी पोचलं तर बसायला मिळतं, आणि साधारण अर्ध्या तासात ठाणं येतं. तीन ओळी सानपाडा, तुर्भे ते कोपरखैरणे एवढ्यात होतात. रबाळे-ऐरोलीनंतर डोळे मिटायला हरकत नाही. घोडबंदर रोडकडे बसने जाणाऱ्यांनी स्टॉपवरच लिहून घ्यावं, हलत्या बसमध्ये लिहिलेलं नंतर स्वतःलाही वाचता येत नाही. आणि घरी जाऊन लिहीन म्हणणाऱ्यांनी विसरावं. नाईटनंतर अंघोळ, चहा, झोप, या क्रमात चौथी वस्तू बसत नाही.

ऑफच्या दिवशी वही चाळून एकच ओळ निवडा आणि पुढच्या ड्यूटीला ती त्या माणसाला सांगा. मावशी आणि मामांचं (पुरुष मदतनीसांचं) काम कुठल्याही चार्टवर नोंदलं जात नाही, त्यामुळे त्यांच्यापासून सुरुवात करावी, आणि शक्यतो ओव्हरच्या वेळी, इन्चार्जसमोर: ‘मावशी, तुम्ही परवा हाताची सूज दाखवलीत म्हणून वेळेत लाइन बदलता आली.’ नुसतं थँक्यू म्हणून पळण्यापेक्षा याचा परिणाम वेगळा होतो. पुढच्या वेळी त्या आणखी लवकर हाक मारतात. सिनियर सिस्टरबाबत उलटं: चारचौघांत फार गोड बोललात तर मस्का समजला जातो, तेव्हा दोन घासांच्या सुट्टीत, बाजूला. आणि नातेवाईकांनी आणलेला पेढ्यांचा बॉक्स? तो काउंटरवर सगळ्यांसाठी, नाईटवाल्यांचा वाटा काढून. पैसे कधीच नाही.

वही कुठे कामाची नाही तेही सांगायला हवं. रिलिव्हर (पुढच्या पाळीचा माणूस) आला नाही म्हणून डबल ड्यूटी लागली, एका सिस्टरवर पेशंटचा भार वाढला, जेवायला वेळ मिळाला नाही, यावर ‘शिकायला मिळालं’ असं लिहून पांघरूण घालू नका. ते तारखेसकट लेखी मेट्रनकडे (नर्सिंगच्या प्रमुखांकडे) जायला हवं. वॉर्डमध्ये मृत्यू झाला त्या दिवशी पान कोरं सोडलं तर काही बिघडत नाही. आठवडेच्या आठवडे झोप उडाली असेल, ड्यूटीच्या विचाराने पोटात गोळा येत असेल, तर वही पुरणार नाही. डॉक्टरांशी किंवा समुपदेशकाशी बोला.

खरेदीचं म्हणाल तर ठाणे पश्चिमेला गोखले रोड, राम मारुती रोडच्या बाजूला किंवा वाशीत सेक्टर १७ मध्ये स्टेशनरीच्या दुकानात ‘वरून उघडणारं छोटं पॅड, प्लॅस्टिक कव्हरचं’ असं मागा, आणि युनिफॉर्मचा टॉप सोबत नेऊन खिशात घालून, एकदा खाली वाकून बघा. दोन एकदम घ्या. पहिली बहुतेक खिशातच राहून वॉशिंग मशीनमध्ये जाते.