बारकोडवरून गुण देणारं अ‍ॅप : चार महिने वापरल्यावर

बाबांचं प्रेशर वाढलं आणि डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलं. स्वयंपाकातलं मीठ माझ्या हातात आहे, ते त्याच दिवशी कमी झालं. पाकिटातलं मीठ मात्र दिसत नाही. म्हणून बारकोड स्कॅन केला की पदार्थाला शंभरपैकी गुण देणारं एक अ‍ॅप घेतलं. वर्षाची वर्गणी भरली आणि गोव्यातल्या आमच्या डिचोलीच्या दुकानांत, घरी, रोज वापरलं.

पाकिटांसाठी ते खरंच कामाचं आहे. मुलाच्या डब्याला मी नाचणीची बिस्किटं देत होते. अ‍ॅपने २८ गुण दिले. मला पटेना, म्हणून पाकीट उलटं करून बारीक अक्षरं वाचली. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहावे लागतात. आधी मैदा, मग साखर, मग पामतेल आणि त्यानंतर नाचणी, ७ टक्के. पुढच्या बाजूला नाचणीच्या कणसाचं एवढं मोठं चित्र! ती बिस्किटं त्या दिवसापासून बंद. सॉस, नूडल्स, बिस्किटं, एकाच प्रकारच्या दोन पाकिटांतलं कुठलं घ्यावं हे अ‍ॅप चटकन सांगतं, आणि तिथे मी त्याचं ऐकते.

अडचण हिशेबात आहे. फ्रान्समध्ये २०१७ साली न्यूट्री-स्कोअर, म्हणजे पाकिटातल्या पदार्थाला पोषणावरून श्रेणी देणारी पद्धत, आली, त्याच धर्तीवर हे गुण काढतात. ऊर्जा, साखर, संपृक्त (सॅच्युरेटेड) चरबी आणि मीठ यांचे गुण वजा. तंतू (फायबर), प्रथिनं, फळं-भाज्या यांचे अधिक. पण आपल्याकडे पाकिटावर तंतू छापणं सक्तीचं नाही. न छापलेल्या तंतूंचे गुण अ‍ॅप शून्य धरतं, आणि कोंड्यासकट पिठाच्या चांगल्या वस्तूचंही नुकसान होतं.

दुसरं म्हणजे सगळं मोजमाप १०० ग्रॅमचं. आंब्याच्या लोणच्याला ४ गुण मिळाले, ठीक आहे, पण बाबा जेवताना एक फोड घेतात. फरसाणाला ४१, रंग पिवळा. त्या पाकिटावर १०० ग्रॅममागे ८०० मिलीग्रॅम सोडियम लिहिलेलं. सोडियमची अडीच पट म्हणजे मीठ. बातम्या बघताना बाबांनी १५० ग्रॅमचं पाकीट संपवलं, म्हणजे ३ ग्रॅम मीठ पोटात गेलं. दिवसाची मर्यादा ५ ग्रॅमची! पिवळा रंग बघून तो पुडा मीच आणला होता, याचं मला फार वाईट वाटतं.

आणि आमचं रोजचं जेवण तर त्यात बसतच नाही. सकाळी पोदेर, म्हणजे पाववाला, सायकलचा भोंगा वाजवत येतो, त्याच्या टोपलीतल्या कोंडा लावलेल्या पोयीला, आमच्या गोव्याच्या पावाला, कुठला बारकोड? नाव टाकून शोधलं तर पांढरा ब्रेड दाखवला. बांगड्याचं हुमण, म्हणजे नारळ घातलेली माशाची आमटी, अ‍ॅपमध्ये टाकलं तर नारळाच्या संपृक्त चरबीमुळे लाल. बांगड्यातल्या ओमेगा-३ या चांगल्या चरबीला या हिशेबात रकानाच नाही. साखर नसलेल्या डाएट पेयाला मात्र ६२. हे वाचून कुणी घरचं हुमण सोडून ती बाटली उघडली तर? माझ्या मुलाने मला हाच प्रश्न विचारला, त्याला मी त्या दोन्हीत काय काय असतं ते बसवून सांगितलं.

पाचपैकी तीन तारे देते, आणि ते तिन्ही पाकिटांच्या तुलनेसाठी. वर्गणी पुढे भरायची की नाही, ते एका सुधारणेवर ठरवेन. अ‍ॅप करणाऱ्यांना कळवलं आहे : स्कॅन झाल्यावर किती खाणार ते विचारा, आणि सोडियमच्या मिलीग्रॅमऐवजी मीठ किती चमचे ते दाखवा. बाबांना चमचा कळतो.