हायड्रॉलिक ग्रिप डायनॅमोमीटर: घ्या, पण सोबत गोनिओमीटरही घ्या

हातांच्या पुनर्वसनाच्या कामात पकडीची ताकद मोजायला मी जमार घडणीचा हायड्रॉलिक डायनॅमोमीटर वापरते. दांडा आवळला की आतल्या तेलावर दाब येतो आणि काटा किलोत आकडा दाखवतो. दुसरा काटा सर्वांत मोठ्या आकड्यावर थांबून राहतो, त्यामुळे आवळताना मला पेशंटच्या चेहऱ्याकडे बघता येतं. हे मला फार मोलाचं वाटतं. ताकद कमी पडली की दुखलं म्हणून हात सुटला, हे काट्यावरून कळत नाही.

दांड्याला पाच खाचा आहेत. संशोधक माथिओवेट्झ आणि सहकाऱ्यांनी १९८५मध्ये वयोगटांनुसार जे प्रमाण आकडे दिले, ते दुसऱ्या खाचेवरचे. बसायचं, दंड अंगालगत, कोपर ९० अंशांत, अंगठा वर. तीनदा आवळून सरासरी काढायची. आज बसून आणि पुढच्या महिन्यात उभं राहून मोजलं, तर त्या दोन आकड्यांची तुलना करू नका.

पण खरी गोम मनगटात आहे. मनगट पूर्ण खाली, म्हणजे तळहाताकडे, वाकवून मूठ आवळून बघा. बोटं मिटवणारे स्नायू आधीच आखडलेले असतात, त्यांना जोर लावायला वावच उरत नाही. जोरात पकडताना मनगट आपोआप साधारण ३५ अंश मागे झुकतं. म्हणून कोन न लिहिता नुसते किलो लिहिलेला रिपोर्ट मला अर्धवट वाटतो.

त्यासाठी छोटा, पारदर्शक प्लास्टिकचा गोनिओमीटर, म्हणजे सांध्याचा कोन मोजायचं साधन, पुरतो. खाली वाकवताना तो हाताच्या मागच्या बाजूने लावायचा, मागे झुकवताना तळहाताच्या बाजूने. निरोगी मनगट सुमारे ८० अंश खाली, ७० अंश मागे, अंगठ्याकडे २० आणि करंगळीकडे ३० अंश वळतं. पामर आणि सहकाऱ्यांच्या १९८५च्या अभ्यासात मात्र रोजच्या बहुतेक कामांना ५ अंश खाली आणि ३० अंश मागे एवढी हालचाल पुरेशी ठरली. फ्रॅक्चरनंतर धास्तावलेल्या माणसाला मी हे आवर्जून सांगते. तो लगेच सैल होतो.

कामाच्या जागी मोजणाऱ्यांनी आधी माणूस अवजार धरून प्रत्यक्ष काम करत असताना मनगटाचा कोन बघावा, मग त्याच कोनात पकड मोजावी. प्रमाण स्थितीतली पकड आणि ही पकड यांतली तफावत पाहिली की अवजाराची मूठ बदलायला हवी का, यावर नेमकं बोलता येतं.

संधिवाताच्या हातांसाठी मात्र हे उपकरण घेऊ नका. धातूचा कडक दांडा सुजलेल्या सांध्यांना टोचतो, शिवाय डायलवरच्या रेषा दोन-दोन किलोंच्या असल्याने थोडी सुधारणा दिसतच नाही. तिथे हवेचा रबरी फुगा असलेलं उपकरण कितीतरी बरं. वापरलेला डायनॅमोमीटर घेत असाल तर ठाऊक असलेली वजनं टांगून आकडे पडताळा, आणि नव्याचंही वर्षातून एकदा कॅलिब्रेशन करून घ्या. उपकरण जड आहे. अशक्त हातात देताना डायलखाली आपला तळहात हलकेच धरा, मात्र वर उचलू नका.