बचत खात्यावर मिळालेले माइल्स : सोलापूरकराचा सहा महिन्यांनंतरचा हिशेब

गेल्या वर्षी एका खासगी बँकेत प्रीमियम बचत खातं उघडलं. सहा महिने दोन लाखांची सरासरी शिल्लक ठेवायची, की ८,००० माइल्स, म्हणजे विमानाच्या तिकिटासाठी वापरता येणारे कंपनीचे पॉइंट्स, मिळणार, अशी ऑफर होती. मुलगी दिल्लीत शिकते, तिच्या येण्याजाण्याला उपयोग होईल म्हणून घेतली. मुदत पूर्ण झाली, माइल्स जमा झाले, वापरूनही झाले. आपल्याकडे बरेच जण हीच ऑफर घेऊ का म्हणून विचारतात, त्यांच्यासाठी हे सविस्तर.

आधी शिल्लकीचं. सरासरी काढताना रोजची दिवसअखेरची शिल्लक धरतात. म्हणजे महिन्यात दहा दिवस एक लाख आणि वीस दिवस अडीच लाख असले तरी सरासरी दोन लाखच येते. घरखर्च, फी, विम्याचा हप्ता यांच्या तारखा बघून पैसे फिरवता येतात, तो जाच वाटला नाही. मात्र काही ऑफरमध्ये सरासरी चालत नाही, रोज किमान तेवढी रक्कम लागते. सही करण्याआधी तेवढं वाचाच.

आता मुद्द्याचं. बचत खात्यावर मला अडीच टक्के व्याज मिळालं. तेच पैसे माझ्या नेहमीच्या बँकेत मुदत ठेवीत साडेसहा टक्क्यांनी राहिले असते. चार टक्क्यांचा फरक, दोन लाखांवर सहा महिन्यांचे ४,००० रुपये. शिवाय या खात्याचं डेबिट कार्ड फुकट नाही : ७५० रुपये अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे ८८५. एकूण ४,८८५ रुपये दिले तेव्हा ८,००० माइल्स हाती आले.

त्यांची किंमत किती, हे तिकीट काढतानाच कळतं. दिल्ली-पुणे विमानाचं रोख भाडं ६,१०० होतं. माइल्सवर तेच तिकीट ७,००० माइल्स आणि वर कर-शुल्काचे १,४०० रुपये. म्हणजे ७,००० माइल्सनी माझे ४,७०० वाचवले, एका माइलला साधारण ६७ पैसे. सगळे ८,००० याच भावाने धरले तर पाचशेच्या आत फायदा दिसतो. पण उरलेले हजार माइल्स कुठल्याच तिकिटाला पुरत नाहीत. ते सोडले तर उलट १८५ रुपये पदरचे गेले. बँकेच्या जाहिरातीत हे उरलेले माइल्स कधीच मोजलेले नसतात, आणि मला वाटतं खरी मेख तिथेच आहे.

दिवाळीत रोख भाडं पंधरा हजारांवर गेलं होतं, तेव्हा माइल्स खरे कामाला आले असते. पण त्या तारखांना माइल्सवरची जागाच दिसेना, आणि जिथे दिसली तिथे माइल्सचा आकडाही तसाच चढलेला.

त्यात आपलं सोलापूर. ९ जून २०२५ पासून फ्लाय ९१ चं गोव्याचं आणि १५ ऑक्टोबरपासून स्टार एअरचं मुंबईचं विमान सुरू झालं. होटगी रोडवरून विमान उडताना बघून मलाही आनंद झाला. पण मोठ्या विमान कंपन्यांचे माइल्स या तिकिटांना लागत नाहीत. म्हणजे पुण्याला उतरून संध्याकाळची हुतात्मा किंवा वंदे भारत गाठायची. विमान रात्री उतरलं तर अडीचशे किलोमीटर टॅक्सी, आणि त्या भाड्यात वाचवलेलं सगळं गेलं. कर्नाटक एक्सप्रेस मुलीला दिल्लीहून थेट सोलापूर स्टेशनात सोडते, हेही हिशेबात धरायला हवं.

माइल्स साठवून ठेवणं मला पटत नाही. २०१९ च्या एप्रिलमध्ये जेट एअरवेज बंद पडली, २०२४ च्या नोव्हेंबरात विस्तारा एअर इंडियात विलीन झाली. विस्ताराचे पॉइंट्स नव्या योजनेत वळते झाले खरे, पण नियम नव्या मालकाचे. व्याज एकदा खात्यात पडलं की त्याची किंमत कोणी बदलत नाही. अमेरिकेत बास्क बँकेच्या एका खात्यावर तर व्याजाऐवजी अमेरिकन एअरलाइन्सचे माइल्सच मिळतात. तिथे गावाजवळ मोठा विमानतळ असणाऱ्याला ते जमत असेल.

ही ऑफर कोणी घ्यावी? ज्यांचे दोन लाख एरवीही बचत खात्यातच पडून असतात, जे कामासाठी वरचेवर पुण्याहून विमानाने जातात आणि ज्यांचे त्याच कंपनीचे माइल्स आधीपासून जमा आहेत, त्यांनी खुशाल घ्यावी. त्यांचा व्याजाचा तोटा जवळजवळ शून्य आहे आणि उरलेले माइल्सही मार्गी लागतात. ठेव मोडून मात्र कोणी घेऊ नये.

मी दोन लाख पुन्हा मुदत ठेवीत टाकले आहेत. पुढच्या वर्षाचं कार्डाचं शुल्क लागण्याआधी खातं साध्या प्रकारात बदलून द्या, असा अर्ज शाखेत दिला आहे.